वगळलेला धडा

ता. ४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दवाखान्यातली पाळी बदलून मिळाली हे बरं झालं. आता तरी वेळेवर जेवत जा.

इकडची बातमी म्हणजे मी लढाई जिंकले! नव्या मुख्याध्यापिकांनी नववीच्या मुलींना गर्भ कसा राहतो, कसा टाळायचा, सगळं शिकवायचं ठरवलं होतं. विज्ञानाची बाई मीच, म्हणजे ते माझ्याच गळ्यात. पालकसभेत मी उठून सांगितलं, की वीस वर्षं मी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडते आहे आणि एकाही मुलीचं त्यावाचून अडलेलं नाही. टाळ्या पडल्या. विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी. तुमच्या त्या परदेशात म्हणे बाराव्या वर्षीच पोरांपुढे सगळी साधनं मांडून बसता. तुला लाज कशी वाटत नाही गं?

आमची लेक टिटवी दहावीला आली. हल्ली तिची टिवटिव बंद आहे. अभ्यासाचं ओझं, दुसरं काय!

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

ता. २२ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू थांबलं. लाज वाटायची गं. शाळेत पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा माझे कान लाल झाले होते. मुलं-मुली मात्र निमूट वहीत उतरवून घेत होती. आमच्या दवाखान्याला मागून दार आहे. तिथून येणाऱ्या मुलीला आईबापांची नावं कुणी विचारत नाही. परवा नको असताना दिवस गेलेल्या मुलींचा वर्षाचा तक्ता भरला. गावातल्या शाळकरी मुली फक्त दोन. नदीपलीकडे दुसरा देश लागतो. तिथं शाळेत मुलींकडून लग्नापर्यंत पुरुषापासून दूर राहण्याची शपथ लिहून घेतात आणि त्यापुढे विषय बंद. तिकडच्या सतरा जणी पूल ओलांडून माझ्याकडे आल्या, बहुतेक फार उशिरा. एकीच्या दप्तरात तो शपथेचा कागद तसाच होता.

रागावशील, ठाऊक आहे. रागावून झालं की पत्र लिही. भावोजींना नमस्कार, टिटवीला पापा.

तुझी,
धाकटी

ता. ९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

टिटवी कवायतीच्या तासाला चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला एकटीला आत बोलावलं. अकरावा आठवडा. मी त्यांच्याशी भांडले, कागद दुसऱ्या कुणाचे असतील म्हणाले. मुलगा तिच्याच शिकवणीतला, तिच्याच वयाचा. आईच्या पाठीमागे उभा राहून नुसता रडत होता. मंगळवारी तिला मोकळी केली. कागदावर सही माझी.

घरी आणल्यावर मी तिला विचारलं, की विज्ञानाच्या बाईची मुलगी तू, तुला एवढंही कळू नये? भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, की पहिल्या वेळी काही होत नाही असं मैत्रिणी सांगत होत्या. गेल्या वर्षी तिनं तो धडा घरी वाचायला घेतला होता, तेव्हा मीच पुस्तक मिटून तिला भांडी पुसायला पाठवलं. मला आठवतसुद्धा नाही गं.

ह्यांना पोटदुखी सांगितली आहे. मी शाळेत खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते.

ताई

ता. २४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शरमेचा सगळा भार एकटीनं उचलू नकोस. माझंही ऐक.

जूनअखेर टिटवीचं मला पत्र आलं होतं. मैत्रिणीची पाळी चुकली तर तिनं काय करावं, एवढंच विचारलं होतं. रोज अशा पोरी बघते मी. भाचीची ती मैत्रीण कोण, ते मी ओळखलं, ताई. पण तुझी ती पहिली सही आठवली, तुझा राग आठवला, आणि मी उत्तर धाडलं, की मैत्रिणीनं आईला सांगावं. परक्या मुलींना कधी असं उत्तर दिलेलं नाही. घरच्या पोरीला दिलं.

सोबतचा बंद लिफाफा टिटवीसाठी आहे. तू उघडू नकोस. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
धाकटी

ता. २ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. आधी तुझा संताप आला, मग कळलं की तुम्ही दोघीही मलाच भ्यालात.

ह्यांना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पोरीच्या टेबलावरचा बिघडलेला दिवा दुरुस्त करून दिला आणि शेजारी बसून राहिले. टिटवी थोडं जेवू लागली आहे. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते.

पालकसभेत पुन्हा उभी राहिले. माझं चुकलं, सही मागे घेते, म्हणाले. कारण विचारलं तेव्हा गप्प राहिले, कारण ती गोष्ट पोरीची आहे, माझी नव्हे. या वेळी टाळ्या नव्हत्या. काही जणी नजर चुकवून निघून गेल्या.

गेल्या सोमवारी धडा घेतला. खडू दोनदा मोडला, पण एकही ओळ गाळली नाही. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. दार लावून घ्याल का, म्हणाली. तिची पाळी बारा दिवस लांबली होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले, एक शब्दही न रागावता ऐकलं, दवाखान्यात तिच्याबरोबर गेले. तपासणीत काही निघालं नाही. पोर पायऱ्या उड्या मारत उतरली.

मी मात्र तिथल्याच बाकावर बसून राहिले. ही माझ्याकडे आली, धाकटे. माझी नाही आली.

एवढं कळूनही माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई