संत कातेरिनाचा हिरवा चेहरा

सिएना, ९ नोव्हेंबर १९८६

ती. नोरिनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकानं का होईना, तुझा भाऊ अखेर घराबाहेर पडला. माझी बायको डेलिया जाऊन वर्ष झालं. चाळीस वर्षं रेल्वेत ज्या हातानं तिकिटं तपासली, त्या हातात आता ब्रश आहे! इथल्या संग्रहालयात दर गुरुवारी जुन्या चित्राची नक्कल करत तेलरंग शिकतो. मी आपली संत कातेरिना निवडली, पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रातली. गुरुजी म्हणाले, तेव्हाचे चितारी चेहऱ्याला आधी हिरव्या मातीचा थर देत आणि तो वाळला की वर कातडीचा रंग चढवत. त्यामुळे बाईसाहेब सध्या कच्च्या ऑलिव्हसारख्या दिसतात. दालनातली पहारेकरीण आर्जिया फार फटकळ. मला म्हणाली, काय हो चित्रकार, उपास करकरून हिरवी पडली वाटतं बिचारी? आठवड्यात पहिल्यांदाच हसलो.

गुडघे कसे आहेत? माझ्यावर रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
उबाल्दो

लिव्होर्नो, ३ मे १९८७

चि. उबाल्दोस,
अनेक आशीर्वाद.

अरे, नाताळला हिरवी, ईस्टरला हिरवी, आणि परवाच्या पत्रातही हिरवीच! शेजारचा नान्नी बोटींवर नावं रंगवतो. तो म्हणतो, एवढ्यात अख्खं बंदर रंगवून झालं असतं. थट्टा राहू दे. तुझं अक्षर हल्ली बारीक झालंय आणि पत्रं चार ओळींत संपतात. मला धास्ती वाटते. काय बिनसलंय ते उलट टपाली कळव.

काळजीत असलेली,
ताई

सिएना, ११ मे १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, हसू नकोस. चेहरा मला केव्हाच जमला. दर गुरुवारी गाल रंगवतो, ओठ रंगवतो आणि निघायच्या आधी फडक्यानं पुसून टाकतो. ओला रंग निघून जातो, खालचा वाळलेला हिरवा तेवढा राहतो. संग्रहालयाचा नक्कल करायचा परवाना एकाच चित्राचा आहे गं. चित्र संपलं की माझा गुरुवारही संपला.

आर्जिया येते, विचारते, आज कशी आहे तब्येत? ती कातेरिनाची चौकशी करते, कळतं मला. पण ऐकायला मी असतो ना! बाकीचे सहा दिवस पाववाल्याला अर्धा किलो म्हणतो, तेवढंच माझं बोलणं. फार एकटं वाटतं, ताई.

तुझाच,
उबाल्दो

लिव्होर्नो, १६ मे १९८७

चि. उबाल्दोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रागावले, मग रडले. राग माझाच आला. भावाला हाक मारायची सोडून मी रंगाची चौकशी करत बसले. माझं तरी काय वेगळं आहे? तुझे भावजी गेल्यापासून माशांचं कालवण करते आणि तेच तीन दिवस एकटी खाते. तुला लिहिलं नाही, म्हटलं उगाच जिवाला घोर कशाला.

आता नीट ऐक. येत्या गुरुवारी तिचे ओठ रंगव आणि फडकं घरी ठेव. आर्जियाबाईंना सरळ सांग की ताईकडे राहायला चाललोय, आणि त्यांचा पत्ता मागून घे. ओलं चित्र टपालानं येत नाही, तेव्हा तूच घेऊन ये. नान्नीला विचारलंय मी. तेलरंग आतून वाळायला वर्ष लागतं म्हणे, त्याआधी वार्निश लावायचं नाही, आणि ते ज्यानं रंगवलं त्यानंच लावावं. म्हणजे वर्षभर तुला इथून हलता येणार नाही.

मागची खोली झाडून ठेवली आहे.

वाट पाहणारी,
ताई