चुलीच्या जागी फ्रिज

१ डिसेंबर, रविवार
घरी आलो. यावेळी कायमचा. मागच्या दोन्ही वेळेसही कायमचाच आलो होतो, पण तेव्हा प्लॅन नव्हता. आता आहे.

दुपारी भीमादादाचा पुण्याहून फोन. येळवशीला, वेळ अमावस्येच्या रानातल्या पूजेला येतो म्हणाला, आणि जाताना आईला, म्हणजे अव्वाला, घेऊन जातो. इथं एकटीनं किती दिवस काढायचे. अव्वा म्हणाली, एकटी कुठं, मल्लेश आलाय की. फोन स्पीकरवर होता. दादा हसला. वहिनीपण हसली.

ठरवलं. येळवशीपर्यंत घर इतकं मॉडर्न करायचं, की दादाला न्यायला कारणच उरू नये. लहानपणी अव्वा हापशावरून पाणी आणायची, रॉकेलच्या रांगेत उभी राहायची, गिरणीत लाईट नसली की परत यायची. त्या बाईला आता बसल्या जागी सगळं मिळालं पाहिजे.

काय काय पाहिजे म्हणून विचारलं. म्हणाली, काय नको, मोरीतली फरशी हलतीय, पाय सरकतो, तेवढी बसव.

बसवणार. पहिलं काम तेच.

४ डिसेंबर
सिमेंट आणायला मुरूम गावाला निघालो. स्टँडवर रामलिंग भेटला. आमचं रान तोच बटईनं करतो. जीप घेऊन नळदुर्गला चालला होता. म्हणाला, येतो का. सिमेंट काय नळदुर्गातही मिळतं.

किल्ला बघितला. पूर्वी मी ज्या ढाब्यावर होतो तिथं जेवलो. मालक अजून ओळखतो. येताना बोलणारा स्पीकर आणला. आपण बोलायचं, तो दिवा लावतो.

सिमेंट राहिलं. नाहीतरी थंडीत सिमेंट लवकर धरत नसेल.

७ डिसेंबर, संध्याकाळी
स्पीकर बसवला. अव्वाला शिकवलं. ती त्याला बाई म्हणते. बाई, दिवा लाव गं. बाईनं भक्तिगीत लावलं. मग अव्वा कानडीत बोलली. बाईनं बेंगळुरूचं हवामान सांगितलं. शेवटी अव्वा उठली, बटण दाबलं आणि बाईला म्हणाली, ऱ्हाऊ दे, दमली असशील.

सवय लागेल. माणसाला पहिला मोबाईल तरी कुठं जमला होता.

११ डिसेंबर
मोठं काम झालं. फ्रिज आला. ढाब्यावर माझा थोडा पगार राहिला होता, त्याबदल्यात मालकानं दिला. थंड बाटल्या ठेवायचा आहे, काचेच्या दाराचा. उलट चांगलं, दार न उघडता दिसतं.

ठेवायला जागा नव्हती. चूल फोडली. गॅस आल्यापासून तिचं काम काय होतं, भाकरी आणि अंघोळीचं पाणी. फ्रिज तिथं बरोबर बसला, जणू मापानंच केलाय.

अव्वा काही बोलली नाही. म्हणजे पसंत आहे. फक्त फुंकणी उचलून पुसली आणि बाजेखाली ठेवली.

शेजारच्या प्रेमाबाई काकू दारातूनच म्हणाल्या, शरणम्मा, बरं झालं बाई, आता तुमच्यात काय शिजलं ते रस्त्यावरूनच कळतंय. तेव्हापासून अव्वानं काचेला जुनी साडी लावलीय.

फरशीचं लक्षात आहे.

१८ डिसेंबर
सकाळपासून काही सुचलं नाही. माळ्यावर सिमेंटचं जुनं पोतं आहे का बघायला चढलो, तर टीव्हीचा अँटेना सापडला. दादा पत्र्यावर चढून तो फिरवायचा, मी दारात उभा आणि अव्वा टीव्हीसमोर. दादा ओरडायचा, आलं का. मी आत ओरडायचो, आलं का. अव्वा म्हणायची, मुंग्या हायत. मी वर ओरडायचो, मुंग्या. एक चित्र दिसायला तीन माणसं लागायची.

आता मी माझ्या फोनमध्ये, अव्वा भिंतीकडं तोंड करून शेंगा फोडत बसलेली. चित्र लख्ख आहे.

अँटेना पुसण्यात दिवस गेला. पोतं बघायचं राहिलं.

२९ डिसेंबर, रविवार
उद्या येळवस. अव्वानं काल संध्याकाळी आंबील करायला घेतली. ज्वारीचं पीठ शिजवलं, आठवडाभर साठवलेलं ताक घातलं, लसूण-जिरं घातलं आणि नवं बिंदगं, मातीचं मडकं, भरून कोपऱ्यात ठेवलं. आज दिवसभर ती काकूंकडं आहे. बाजरीचे उंडे आणि कडक भाकरी गॅसवर होत नाहीत म्हणते, चूल लागते. हट्टी आहे.

सकाळी बिंदग्याचं फडकं उचलून बघितलं. वास बदलायला लागला होता. आंबील आंबट पाहिजे हे मलाही कळतं, पण एक रात्र आंबली की झालं, दुसऱ्या रात्री नासतच असणार. पूर्वी फ्रिज नव्हता म्हणून बायका उघड्यावर ठेवायच्या. बिंदगं उचललं, फ्रिजमध्ये ठेवलं, थंडीचं बटण फुल केलं, साडी परत नीट लावली.

आज खरा मुलगा वाटलो. सांगणार नाही. सरप्राइज.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.
दादा-वहिनी सकाळीच गाडीनं आले. निघायच्या वेळी अव्वा कोपऱ्यात गेली. मग फ्रिजकडं. बिंदग्यावर हात ठेवून म्हणाली, बर्फ झालाय रे.

तरी डोक्यावर घेतलंच. रानापर्यंत तिच्या मानेवरून पाणी ओघळत होतं.

कडब्याची कोप उभारली, आत पाच पांडवांचे दगड, पूजा, ओलगे ओलगे ओरडत रानाला फेरी, सगळं झालं. मग जेवायला बसलो. रामलिंगनं आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि म्हणाला, काकी, आंबट न्हाईच की, यंदा खीर दोनदा केली काय. लोक हसले. त्याचा पोरगा म्हणाला, आईसक्रीम हाय. दादानं दोन ग्लास प्यायले. अव्वाकडं बघत होता.

घरी आल्यावर पाय धुवायला दादा मोरीत गेला आणि सरकला. नळ धरला म्हणून वाचला. बाहेर येऊन विचारलं, ही फरशी कधीपासून हलतीय. अव्वा म्हणाली, आत्ताच, कालपरवापासून.

भिंतीपलीकडून काकू म्हणाल्या, दिवाळीपासून.

दादानं काकूंकडूनच घमेलंभर सिमेंट आणलं. पँट वर केली आणि बसला. वहिनीनं चहा टाकला होता, तो उकळेपर्यंत फरशी बसली. मी बॅटरी धरायला गेलो तर म्हणाला, दिसतंय.

मग हात धूत अव्वाला म्हणाला, कपडे भर. ती माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. म्हणालो, अव्वा, तिथं लिफ्ट आहे.

३१ डिसेंबर
गेली.

जाताना पिशवीत फुंकणी घेतली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये फुंकणी कशाला, वहिनी म्हणाली. अव्वा म्हणाली, असू दे. यावरून स्पष्ट आहे की ती परत येणार. चूल बांधून ठेवायची. लगेच. फ्रिज हलवला की सुरुवात.

दादा म्हणाला, फरशीवर दोन दिवस पाय ठेवू नको.

२ जानेवारी
सकाळपासून लाईट नाही. बाईला हाक मारली. गप्प. फ्रिजही गप्प. गॅसची टाकी संपलीय, ती अव्वाच बघायची.

उरलेली आंबील बिंदग्यात तशीच होती. भूक लागली म्हणून तांब्या भरला. आंबलीय. बरोबर तिची असते तशी, नाकात झणका येणारी. कुणालातरी सांगावं म्हणून दारात गेलो. काकूंचं दार बंद.

पुण्याला फोन लावला. अव्वानं उचलला. आंबिलीचं सांगणार होतो. तिनंच आधी विचारलं, फरशी वाळली का. म्हणालो, बघतो.

मोरीत गेलो. आधी एक पाय ठेवला. मग दोन्ही. जोर देऊन बघितलं.

हलत नाही.