चि-१९ : उत्तरार्ध वीस मिनिटं लांब

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.१०

आज घडलेलं, क्रमाने:

१. माणगावच्या थिएटरमध्ये पाऊण वाजताचा शो. चित्रपट चि-१९. सीट एफ-११ (मी), एफ-१२ (विनेश).
२. चित्रपट ३.२५ ला संपला.
३. ३.३१ ला पार्किंगमध्ये विनेशनं विचारलं, "घरी बोलू का आपल्याबद्दल?"
४. मी म्हणाले, "उत्तरार्ध वीस मिनिटं लांबलाय."
५. तो म्हणाला, "बरं."
६. त्यानं हेल्मेट घातलं. दर वेळी आम्ही स्टँडसमोर चहा पितो. आज चहा झाला नाही.
७. ३.३४ ला तो दिघीची फेरीबोट पकडायला निघाला.

वर फक्त घटना आहेत. मत खाली.

चि-१९ ला दहापैकी ७.५. उत्तरार्ध कापला असता तर ८.

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही चित्रपटांची आहे, हे स्वतःला पुन्हा सांगून ठेवते. मी माणगावला कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. गेज, थर्मामीटर, वजनकाटे यांच्यात किती चूक आहे ते काढून सर्टिफिकेट देणं हे माझं काम. आमच्याकडे आलेल्या वस्तूवर मालकाचं नाव नसतं, कोड असतो. नाव दिसलं की तपासणारा नकळत बाजू घेतो. म्हणून माझ्या वहीतही चित्रपटांना नावं नाहीत. गेल्या वर्षापासून मी हिंदी सिनेमे पाहते आणि गुण देते. जूनपासून सोबत परिस्थितीची नोंदही: हॉलचं तापमान, एसी, सीट, शेजारची सीट.

नोंद अपुरी राहू नये म्हणून विनेशबद्दल एकदाच. आगरदांड्याचा. घरची मासेमारीची बोट आहे. मे महिन्यात इंजिनाचा ऑइल प्रेशर गेज तपासायला घेऊन आला. बोटवाले कधी गेज तपासून घेत नाहीत, काटा हलतोय ना, एवढंच बघतात. हा आला. गेज दोन टक्के जास्त दाखवत होता, मी दुरुस्त करून दिला. पंधरा दिवसांनी तोच गेज परत आणला. बरोबर होता. जुलैत तिसऱ्यांदा आणला, तेव्हाही बरोबर होता. एवढा चांगला गेज कोणी वारंवार का आणावा, याचं तांत्रिक कारण मला सापडलेलं नाही.

जून-जुलै मासेमारी बंद असते, म्हणून त्याला रविवार मोकळे होते. फेरीबोटीत बाईक चढवायची, दिघीला उतरायचं, म्हसळ्यावरून माणगाव. एका बाजूला दोन तास. त्याला इथल्या बाजारात कामं असावीत. एका निरीक्षकापेक्षा दोन बरे, म्हणून मी त्याला शेजारी बसू देत होते.

६ ऑगस्ट, बुधवार

मेसेज आलेला नाही. मीही केला नाही. करायचं कारण नाही. चार वेळा टाइप केला, तो कीबोर्ड नवीन आहे म्हणून.

भक्ती माझ्यासोबत लॅबमध्ये तापमानाचं टेबल सांभाळते. डबा खाताना म्हणाली, "काय गं रचना, तोंड का असं? सिनेमा रडका होता का?" मी म्हणाले की चि-१९ प्रेमकथा होती, नायक नायिकेला विचारतो आणि ती तासभर काही बोलतच नाही, त्यामुळे पटकथा ढिली पडते. भक्ती म्हणाली, "मग बोलायचं ना तिनं." मी म्हणाले, तेच तर.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

विनेशचं स्टेटस: सजवलेली बोट, पताका, नारळ, सगळी मंडळी टोप्या घालून. एकदा पाहिलं. नंतर खात्रीसाठी तीनदा. फोटोत इंजिनाचा गेज दिसतो का ते पाहायचं होतं. दिसत नाही. दिसणार कसा, तो जुलैपासून आमच्या शेल्फवर आहे. त्यानं नेलाच नाही.

उद्यापासून बोटी जाणार. म्हणजे त्याची बोट ऑइल प्रेशर गेजशिवाय समुद्रात जाणार. हे गंभीर आहे. मी सुरक्षेच्या दृष्टीनं अस्वस्थ आहे.

आमच्याकडे सकाळी बुद्धवंदना होते, त्यांच्याकडे समुद्राला नारळ. घरी बोलायचं तर दोन्ही घरी बोलावं लागेल. पप्पा शाळामास्तर, आधी ऐकून घेतील. आई आधी बोलेल. यावर विनेश आणि मी कधी बोललो नाही. इंटरव्हल पंधरा मिनिटांचा असतो.

१० ऑगस्ट, रविवार

चि-२०. भुताचा विनोदी. हॉल २५ अंश, एसी चालू.

खिडकीवर सीतारामकाका असतात. विचारत नाहीत, हात आपोआप चालतो. दोन तिकिटं फाडली. म्हणाले, "एफ अकरा-बारा. ते कुठं राहिले?" मी म्हणाले, ते मासेमारीला. काका म्हणाले, "मग दुसरं रद्द करू?" मी म्हणाले, असू दे, हातपाय मोकळे राहतात.

चित्रपट सुमार. भूत आरशात दिसत नाही, पण भिंतीवर त्याची सावली पडते. एकतर प्रकाश अडवा, नाहीतर अडवू नका. सगळा हॉल हसत होता. लोकांची पातळी घसरली आहे. ३ गुण.

ऑगस्टमध्ये चांगले चित्रपट येत नाहीत, असा निष्कर्ष निघतो आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ६.१५

समुद्राचा हवामान अंदाज वाचायला सुरुवात केली. सामान्यज्ञान. वारा ताशी ४० ते ५० किलोमीटर. लाटांची उंचीही देतात. तक्ता करून ठेवला.

संकल्प: या महिन्यात फक्त चित्रपटांचा विचार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सुट्टी

चि-२१. देशभक्तीचा. पाणबुडी. हॉल २८ अंश, एसी बंद. सीट एफ-११, एफ-१२ (रिकामी).

पाणबुडी खाली जाते, बाहेरचा दाब वाढतो, आणि पडद्यावर प्रेशर गेजचा काटा खाली येतो. खाली! एवढे लोक एका सिनेमावर काम करतात, त्यातल्या एकालाही गेज वाचता येत नाही. मी उजवीकडे वळून हे सांगितलं. उजवीकडे मागच्या रांगेतल्या काकूंनी पिशवी ठेवली होती. पिशवीनं प्रतिक्रिया दिली नाही.

शेवटी पाणबुडीतला एक जण परत येत नाही. किनाऱ्यावर त्याची बायको उभी असते, काही बोलत नाही, नुसतं बघते. स्वस्त युक्ती. माझ्या डोळ्यांत एसीची थंड हवा गेली.

२.५ गुण.

(रात्री वही चाळताना: एसी बंद लिहिलंय. बहुधा पंखा.)

१७ ऑगस्ट, रविवार

चि-१९ पुन्हा पाहिला. दुसरा चांगला सिनेमा नव्हता. शिवाय उत्तरार्ध नक्की किती लांब आहे ते घड्याळ लावून मोजायचं होतं. एकदा मोजून कोणी सर्टिफिकेट देत नाही.

धक्का. उत्तरार्धात असे प्रसंग आहेत जे ३ तारखेला नव्हते. नायिकेची बहीण आहे. तिचं लग्न मोडतं. एक पूर्ण गाणं आहे, पावसात नव्हे, धान्याच्या कोठारात. यातलं काहीच त्या दिवशी दाखवलं नव्हतं.

बाहेर सीतारामकाकांना विचारलं की नवी आवृत्ती आणलीत का. काका म्हणाले, "ताई, सिनेमा तोच हाय. पहिल्या दिवसापासून सेम. तुम्ही तेव्हा बघत व्हता का पण?" मी म्हणाले, पूर्ण लक्ष देऊन. ते म्हणाले, "मग न्हाय सांगता येत."

उत्तरार्ध: एक तास सहा मिनिटं. पूर्वार्ध: एक तास आठ मिनिटं. म्हणजे उत्तरार्ध दोन मिनिटांनी लहान आहे.

३ गुण.

त्याच चित्रपटाला चौदा दिवसांत साडेचार गुण कमी. चित्रपट इतक्या लवकर खराब होतो, हे मी पहिल्यांदाच पाहते आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी

ही गुणांची घसरण मी भक्तीला दाखवली. जूनपासूनचा तक्ता तिच्या कॉम्प्युटरवर टाकला. हेतू: ऑगस्टमधले हिंदी चित्रपट वाईट असतात हे सिद्ध करणं.

तिनं तापमानाप्रमाणे लावून पाहिलं. काही नाही. एसीप्रमाणे. काही नाही. तारखेप्रमाणे, शोच्या वेळेप्रमाणे. मग "शेजारची सीट" या रकान्यावर क्लिक केलं आणि खुर्ची पुढे ओढली. भक्तीनं खुर्ची पुढे ओढली की काहीतरी बिघडलेलं असतं.

एफ-१२ वर विनेश: नऊ चित्रपट, सरासरी ७.२.
एफ-१२ रिकामी किंवा पिशवी: तीन चित्रपट, सरासरी २.८.

भक्ती म्हणाली, "ह्या चि-चौदात हिरो चालत्या ट्रेनच्या टपावर, वरच्या वायरखाली उभा राहून नाचतो. तू स्वतः लिहिलंयस, 'जळून कोळसा झाला असता.' आणि गुण आठ?" मी म्हणाले, छायाचित्रण चांगलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, सिनेमा तोच, हॉल तोच, खुर्ची तीच. मग बदललं काय? गिऱ्हाइकाला तू काय लिहून देशील?"

गिऱ्हाइकाला मी लिहून देईन की मोजमापाचं साधनच तपासून घ्या.

"मग?" भक्ती म्हणाली.

मी म्हणाले, नमुना लहान आहे. बारा चित्रपटांवर काही ठरत नाही.

"अजून नऊ त्याच्यासोबत बघ मग," ती म्हणाली, आणि डब्यातला शेवटचा बोंबील न विचारता घेतला.

१८ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी

निर्णय. बोट गेजशिवाय फिरते आहे, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. बुधवारी रजा टाकून गेज आगरदांड्याला पोचवणार. सर्टिफिकेटसह. बाकी काही नाही.

सिनेमात शेवटी नायिका धावत जाते, ते मला कधीच पटलेलं नाही. मी एसटीनं दिघीला आणि पुढे फेरीबोटीनं जाणार.

२० ऑगस्ट, बुधवार. दुपारी २.४०, आगरदांड्याहून परतीच्या फेरीबोटीत

घटना.

फेरीबोटीतून उतरले. विनेशची बोट नव्हती. त्याची आई केसरमावशी जेट्टीच्या बाजूला जाळं शिवत बसली होती. तिला कसं ओळखलं: नारळी पौर्णिमेच्या फोटोतल्या हसण्यावरून, तो तसाच हसतो. आत्ता ती हसत मात्र नव्हती.

मी गेज पुढे केला, म्हणाले, विनेशच्या बोटीचा आहे, याच्याशिवाय इंजिन चालवणं धोक्याचं.

तिनं मान वर केली. "तू माणगावची गेजवाली?"

मी हो म्हणाले.

"अगो, बोटीला नवा लावलाय कवाच! मे महिन्यात. इंजिन खोललं तवाच. हा जुना त्यानं काढून घेतला, म्या म्हटलं भंगारात टाक, तर म्हणं न्हाय, कामाचा हाय." सुई थांबवून म्हणाली, "आता कळलं कसल्या कामाचा."

म्हणजे मी तीनदा तपासलेला गेज बोटीवर नव्हताच. निदान पहिल्या वेळेनंतर एकदाही नव्हता. त्यानंतरही दोनदा सर्टिफिकेट दिलं. दोनदा "वापरास योग्य" असं सही करून लिहिलं.

 ती पुढे म्हणाली, "पोराचा काटा तीनदा बघितलास, पोराला एकदा तरी बघितलंस? सांगत व्हता, आई, तिला विचारलं, ती शिनेमावर बोलली. म्या म्हटलं, मग न्हाय म्हनली बाबा ती. शिकलेल्या बाया अशाच न्हाय म्हनतात. येत्या रविवारी श्रीवर्धनचं पावनं यायचं हायत, पोरगी घेऊन. गणपतीच्या आधी उरकू म्हटलं."

मी विचारलं की तो काय म्हणाला.

"बरं म्हनला."

त्याचं 'बरं' मला माहीत आहे. ३.३१ ला ऐकलं होतं.

मी म्हणाले, मी नाही म्हणाले नव्हते.

केसरमावशी म्हणाली, "मग व्हय म्हनलीस?"

 माझ्या वहीत दोन्हींपैकी एकही नोंद नाही. सतरा दिवस मी एक उत्तर न देता त्याच्या उत्तराची वाट पाहत होते, आणि दरम्यान तीन सिनेमांना नापास केलं.

"बोट शुक्रवारी लागंल," ती म्हणाली. "फोन लागायचा न्हाय. लिहून दे. म्या देतो. आणि शिनेमावर लिहू नको."

मासळीच्या उपड्या पाटीवर बसून लिहिलं. पहिला मसुदा दीड पानी झाला. त्यात उत्तरार्धाची लांबी, माझी चुकीची मोजणी आणि पाणबुडीचा काटा होता. फाडला. दुसरा लॅबच्या छापील कागदावर, कारण बॅगेत तोच होता. मावशीनं पाकीट ब्लाउजमध्ये खोवलं. गेजही ठेवून घेतला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आता खरंच कामाचा झाला तर झाला." तरीही हसली नाही. फेरीबोट सुटताना मात्र सुई धरलेला हात थोडा वर केला. तो निरोप होता की दोरा ओढत होती, हे इतक्या लांबून नक्की सांगता येत नाही.

पत्राची प्रत, नोंदीसाठी:

प्रति, विनेश.

विषय: ३ ऑगस्ट, दुपारी ३.३१ च्या उत्तरात दुरुस्ती.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही. जे बोलले तेही चूक होतं. उत्तरार्ध लांब नाही. मला तो अजिबात आठवत नव्हता, कारण मी तो पाहिला नव्हता. शेजारी तू होतास.

तुझा गेज ठीक आहे. तो आता आणायची गरज नाही. तू ये.

उत्तर: हो. घरी बोल. माझ्या घरी मी आज बोलते आहे.

रविवारी तुमच्याकडे पाहुणे येणार असल्याचं समजलं. त्यामुळे तुझं काय ते कृपया शनिवार, २३ ऑगस्ट, संध्याकाळी सहापर्यंत कळवावं.

रचना