बाटलीवरून माझं नाव आणि फोटो काढण्याबाबत

मी, प्रयागबाई भगवंत हिंगे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, माझ्या मागे माझ्या मिळकतीचं काय करावं ते या कागदात सांगून लिहवून घेत आहे. लिहिणारे दादाभाऊ वकील. मला डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, पण कानांना नीट ऐकू येतं आणि कोण काय बोललं ते ध्यानात राहतं. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. उलट हे करू नकोस म्हणून घरातून बरंच सांगून झालं. वकिलांचं म्हणणं होतं की मधल्या हकिगती गाळाव्यात. त्या गाळल्या तर कोणाला काय दिलं एवढंच कळेल, का दिलं ते कळणार नाही. म्हणून त्या राहू द्याव्यात. हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र.

कलम पहिलं. माझे यजमान भगवंतराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत वारले. आम्हाला एकच मुलगा, ऋषी. त्याची मुलगी आरोही. माझा एकच भाऊ होता, गेणभाऊ, शिनोलीला. तो त्यापूर्वी बऱ्याच वर्षांमागे गेला. त्याची बायको सोनीबाई तिथेच असते. एवढीच माणसं या कागदात येतील, आणि गावातली दोन माणसं, ती पुढे.

कलम दुसरं. गावातलं राहतं घर, गोठा आणि विहिरीलगतची बागायत ऋषीला द्यावी. त्यात माझी काही अट नाही. यजमानांची छाटणीची कात्री ओट्यावरच्या खुंटीला आहे, तीही त्याचीच. त्यांच्या हाताला ती सवयीची होती. ऋषीनं ती अजून हातात धरलेली नाही.

कलम तिसरं. डोंगराकडचा मळा. हा सातबारा पूर्वीपासून माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमान धाडसी होते, नवीन काही दिसलं की त्यात उडी घ्यायचे. सासऱ्यांना त्यांची धास्ती वाटायची, म्हणून सासऱ्यांनीच तो माझ्या नावे केला. याच मळ्यात आज वाइनची द्राक्षं आहेत आणि वरच्या अंगाला वाइनरीची इमारत आहे. सगळं भांडण याच तुकड्याचं आहे.

माझा भाऊ गेणभाऊ हातभट्टीची दारू पिऊन गेला. दोन दिवस डोळ्यांनी दिसत नव्हतं, मग गेला. सोनीबाईच्या पदरात दोन पोरं होती. त्याच्या दहाव्यानंतर मी यजमानांना सांगितलं, आपल्या घरात हा धंदा कधी यायचा नाही. ते "बरं" म्हणाले. पुढे एका वर्षी आमची खायची द्राक्षं परदेशातून नापास होऊन परत आली. तेव्हा यजमानांनी बाग बदलली, नवीन कलमं भरली आणि वर एक शेड बांधायला काढली. मला म्हणाले, "बेदाण्याची शेड हाय. नारळ तूच फोड, जमीन तुझी हाय." मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मग एक दिवस ट्रकमधून चकाकत्या स्टीलच्या टाक्या उतरल्या.

मी विचारलं, "बेदाण्याला टाक्या कशाला लागत्यात?"

ते म्हणाले, "वाइन म्हणजी दारू न्हाई. सरकारच म्हणतंय."

"सरकारचा भाऊ मेलाय का दारूनं?" एवढंच मी बोलले. त्या दिवसानंतर मी शेडच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं नाही. यजमान चांगले होते, माझ्यावर कधी हात उगारला नाही, आजारपणात माझे पाय चेपले. पण तो नारळ मी त्यांना माफ केलेला नाही, आणि ते गेले म्हणून आता माफ केला असं कोणी समजू नये.

दोन वर्षांनी गावातल्याच सारजाबाई थोरात आणि मी मिळून गावात बायकांचं मतदान घडवून आणलं. चिठ्ठीवर दोन बाटल्यांची चित्रं असतात, एक उभी आणि एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दारूचं दुकान बंद. आम्ही घरोघर फिरलो. चावडीपुढे सावळेराम पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आधी घरची बाटली आडवी करा, मग गावची बघू." माणसं हसली. त्यांचं बरोबर होतं. तरी आडवी बाटली जिंकली आणि दुकान उठलं. आमच्या वाइनरीला तो कायदा लागू नव्हता, ती राहिली. सावळेरामांना माझ्या दहाव्याला जरूर बोलवावं. जेवायला पहिल्या पंगतीला बसवू नये.

यजमान गेल्यावर वाइनरी ऋषीकडे आली. तो मेहनती आहे. पण माल चांगला असून भाव मिळत नाही, म्हणून तो जळत होता. दोन वर्षांपूर्वी तो एका गटाबरोबर युरोपात जाऊन आला. आला तो वेगळाच होऊन आला. जेवताना ताटावर हात तसाच राहायचा आणि तो सांगत बसायचा. फ्रान्समध्ये जुन्या रोमन लोकांनी खणलेल्या खडूच्या खाणी आहेत, त्यांतच बाटल्या झोपवून ठेवतात. इटलीत एका घराण्याच्या सव्वीस पिढ्या हेच करतायत. पोर्तुगालमध्ये दगडी हौदात अजून पायांनी द्राक्षं तुडवतात. एका विधवा बाईच्या नावानं दोनशे वर्षं बाटली विकली जाते, आणि लोक त्या नावाचे पैसे देतात.

"आई, ते दारू विकत नाहीत गं, ते इतिहास विकतात. आपल्याकडं काय हाय? पत्र्याची शेड!"

मी म्हटलं, "पत्र्याची हाय तर पत्र्याची सांग."

त्यानं तसं सांगितलं नाही, हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं. सोनीबाईला बरं नव्हतं म्हणून मी शिनोलीला गेले होते. चहा झाल्यावर तिनं फडताळातून एक कागद काढला, चौपदरी कापडात ठेवलेला. पाण्यात भिजवून बाटलीवरून सोडवलेला आणि उन्हात वाळवलेला. त्यावर माझा फोटो होता. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. यजमान असतानाचा फोटो आहे तो, नातेवाइकांच्या लग्नातला. खाली इंग्रजीत काहीबाही होतं आणि मराठीत होतं: 'प्रयाग. आजीचा वारसा. १८९२ पासून.'

सोनीबाई म्हणाली, "ताई, हे तुमचंच तोंड हाय न्हवं? नातवानं पुण्यावरनं बाटली आणली व्हती. आतलं म्या उकिरड्यावर वतलं. पर तुमचं तोंड कसं टाकू? म्हनून सोडवून ठिवलं."

मी विचारलं, "ह्यात काय लिव्हलंय?"

तिचा नातू शिकलेला आहे. त्यानं वाचून दाखवलं. लिहिलं होतं की शिनोलीला माझ्या माहेरी चार पिढ्यांपासून रांजणात वाइन करायची रीत होती, आणि ती रीत मी सासरी घेऊन आले. नातू खाली मान घालून वाचत होता. ज्या घरात बसून तो वाचत होता, ते गेणभाऊचं घर. माझ्या माहेरी नाचणी आणि भात होता. रांजणात पाणी असायचं. सोनीबाई रडली नाही, रागावली नाही. ती म्हणाली, "ताई, मला वाटलं तुमाला ठावं आसंल." ते मला सर्वांत जास्त लागलं. इतकी वर्षं तिनं मला आपलं मानलं, आणि तो कागद हातात आल्यापासून ती मनात धरून होती की मी गेणभाऊच्या दारूला माझं तोंड दिलं.

घरी येऊन मी ऋषीला विचारलं. तो म्हणाला, "सगळेच करतात गं आई. तुझा मान वाढवला मी."

मी म्हटलं, "मला इचारलं का?"

"तू हो म्हणाली असतीस का?"

"न्हाई."

"मग?"

या "मग"ला मी आजपर्यंत उत्तर दिलेलं नाही. हा कागद हे उत्तर समजावं.

कलम चौथं. घाईनं काही करायचं नाही म्हणून मी आरोहीला जवळ बसवून विचारलं. ती नाशिकला शिकली, एक हंगाम फ्रान्सला राबून आली, आणि आता वाइनरीत माल तीच बनवते. मी विचारलं, "ती इधवा बाई खरी का खोटी?" ती म्हणाली, "खरी, आजी. नवरा गेला तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. धंदा तिनं स्वतः चालवला. बाटलीतला गाळ तोंडाशी कसा आणायचा, ती युक्ती तिच्या तळघरात निघाली." जॉर्जिया म्हणून देश आहे, तिथे जमिनीत रांजण पुरून वाइन करतात, तेही खरं, आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत त्याच्या खुणा सापडल्यात. मठातल्या साधूंनी शेकडो वर्षं बागा राखल्या, तेही खरं. मग ती म्हणाली, "पण फेसाळ वाइन एका साधूनं शोधली म्हणतात ना, ती गोष्ट मागाहून रचलेली आहे. सगळं तिकडचं खरंच असतं असं नाही." एकदा तिकडच्या बागांना कीड लागली, मुळंच खाल्ली, गावंच्या गावं उजाड झाली. शेवटी अमेरिकेतले जंगली खुंट आणून त्यांवर कलमं बांधली तेव्हा त्या वेली जगल्या. एवढ्या जुन्या नावांच्या खाली मुळं उसनी आहेत. आपल्या मळ्यातही कलमं जंगली खुंटावरच आहेत, हे मला ठाऊक होतं. ती बांधताना मी सुतळी दिली होती.

मी विचारलं, "तुज्या आज्याचं खरं लिव्हलं तर बाटली खपंल का?"

ती म्हणाली, "माहीत नाही. पण मला ती विकताना खाली बघावं लागणार नाही." एवढं बोलून तिनं बापाच्या खोलीकडे पाहिलं, कारण दार उघडं होतं.

माझं मन तरी दोन्हीकडे ओढतं. बाग उपटून टाकावी असं बरेचदा वाटलं. पण तोडणीला घाटघरच्या बायका येतात, हंगामभर इथेच राहतात. त्यांना काय सांगू? शिवाय मुंबईची एक कंपनी वाइनरी घ्यायला आली आहे. तिला मळा हवा, आणि मळ्यापेक्षा माझा फोटो आणि १८९२ हवं. ऋषीनं त्यांना शब्द देऊन ठेवला. माझी सही तेवढी बाकी आहे. मी केली नाही. दिवाळीपासून ऋषी माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याचा संसार या सौद्यावर उभा राहणार होता, हे मला कळतं. मुलाचं नुकसान करून झोप लागते असं कोणी समजू नये.

कलम पाचवं. तरी माझा निर्णय असा. डोंगराकडचा मळा माझ्या पश्चात आरोहीला द्यावा. तिनं तिथे वाइन करावी की ज्वारी पेरावी, ते तिचं तिनं ठरवावं; मेल्यावर मी बघायला येणार नाही. मात्र माझं नाव, फोटो, माहेर आणि १८९२ हे बाटलीवर, भिंतीवर किंवा कुठल्याही जाहिरातीत येऊ नये. हवं तर खरं ते लिहावं: भगवंत हिंगे यांनी ही वाइन बायकोच्या जमिनीवर सुरू केली, बायकोचा विरोध होता. यापेक्षा जास्त इतिहास आमच्याकडे नाही.

कलम सहावं. पोस्टातली शिल्लक आणि माझ्या पाटल्या सोनीबाईला द्याव्यात. ती नाही म्हणेल. मग तिच्या नातसुनेला द्याव्यात.

कलम सातवं. हे कलम वकिलांनी सगळं वाचून दाखवल्यावर जोडलं आहे. घोडेगावला वकिलांकडे मला ऋषीच गाडीतून घेऊन आला. जिना चढताना त्यानंच हात धरला. वाचन चाललं तेव्हा तो दाराशी उभा होता, ते मला माहीत होतं, आणि मी वकिलांना थांबवलं नाही. वाचून झाल्यावर तो आत आला. वाटलं होतं भांडेल. त्यानं हळूच विचारलं, "आई, तुझा फोटो काढून टाकला तर बाटलीवर त्या जागी काय लावू?"

मी म्हटलं, "तुजा लाव. ती बाटली तूच केलीयस ना?"

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "मी खाली गाडीत बसतो," आणि गेला. खिडकीतून गाडी दिसते आहे. तो आत बसला आहे, काच वर आहे. माझ्यानंतर या कागदावरून कोणी कोर्टात जाणार असेल, तर आधी त्यानं एवढं वाचावं: मी घरी त्याच्याच गाडीनं जाणार आहे.

वर लिहिलेलं मला मराठीत वाचून दाखवलं, ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही करत आहे. सातवीपर्यंत शिकले आहे, अंगठ्याची गरज नाही.

सही: प्रयागबाई भगवंत हिंगे

साक्षीदार:
१. सारजाबाई दत्तात्रय थोरात, राहणार अवसरी बुद्रुक (सही)
२. दादाभाऊ सखाराम काळे, वकील, राहणार घोडेगाव (सही)

ठिकाण: घोडेगाव, तालुका आंबेगाव
दिनांक: ४ मार्च २०२५