कोल्बेनच्या कॉडचा आकडा

१७ डिसेंबर, मंगळवार

एक्केचाळीस. पस्तिसाच्या वर गेलं की माल बाद, आणि कोल्बेनचा कॉड एक्केचाळीस! माझ्या सख्ख्या भावाचा मासा. खिमा मी केलेला, काचेची भांडी मी धुतलेली.

माशांची तपासणी करणाऱ्या आमच्या एदिसने दोनदा करून बघितलं. मासा उकळायचा, वाफ आम्लात पकडायची, मग रंग पालटेपर्यंत थेंब थेंब टाकत राहायचं – मासा जितका शिळा तितके थेंब जास्त. प्रयोगशाळेत चौदा वर्षं हेच बघतेय. शिकलेली नसले तरी तेवढं कळतं.

"हाल्बेरा, भाऊ आहे तुझा. जरा बाहेर थांब," म्हणाली.

बाहेर कशाला? नळ्या कोण धुणार मग?

ऑक्टोबरात त्याचा माल एकदा बाद झालाय. आता परत झाला तर कारखाना त्याच्या बोटीचा मासा घेणं कायमचं बंद करणार. या खाडीत दुसरा कारखाना नाही. निकालाचा कागद सोमवारी कारखान्याला जायचाय.

१८ डिसेंबर, बुधवार

कोल्बेनचा फोन. "मासा ताजा होता."

"मग आकडा काय मी चढवला?"

"तुमच्या त्या पोरीला येतं का काही?"

एदिसला येतं. सगळं येतं. मी फोन आपटला.

१९ डिसेंबर, गुरुवार

माझ्यामुळेच झालं.

सकाळी मागच्या खोलीतला नमुन्यांचा फ्रीज पुसायला घेतला. खालच्या फळीवर माझा पाकटाचा डबा, झाकण एका बाजूने उचकटलेलं. नाताळाआधी तेवीस तारखेला इथे घरोघरी खातात ते आंबवलेलं पाकट, उग्र वासाचा मासा. घरी ठेवायची सोय नाही – वरच्या मजल्यावरची सोलबोर्ग गेल्या वर्षी जिन्यात उभी राहून विचारत होती, "कोण मेलंय गं तुझ्याकडे?" म्हणून इथे आणून ठेवलं. आणि सोमवारी रात्रभर कोल्बेनचा खिमा त्याच्याच वरच्या फळीवर होता. वाट्यांची झाकणं मी धुवायला टाकलेली, नुसता कागद लावला होता.

पाकटातून नाकाला झोंबतं ना, एदिस मोजते ते तेच. ते खिम्यात शिरलं. वास कुणाला येणार? या आठवड्यात अख्ख्या गावाला तोच वास.

डबा गाडीत नेऊन ठेवला.

२० डिसेंबर, शुक्रवार

एदिसला सांगितलं नाही. दिवसभर भांडी घासली, घासलेली परत घासली.

२१ डिसेंबर, शनिवार

कोल्बेनकडे गेले, सगळं सांगितलं. कॉफीचा कप हातात धरून बसला होता. मला वाटलं आता शिव्या घालणार. घातल्या नाहीत.

"मग सांग ना तिला," म्हणाला.

"नोकरी जाईल माझी. चौपन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करणार मला? शाळा कुठवर केली ठाऊक आहे ना तुला?"

"आणि माझी बोट? माझ्याकडे दोन माणसं आहेत कामाला, हाल्बेरा."

वहिनी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. रागावली असेल. मीही रागावले असते.

२३ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. कोट काढायच्या आधीच, दारातच. बसून सांगितलं असतं तर जमलं नसतं.

एदिस आधी हसली. तिला वाटलं चेष्टा करतेय. मग हसू गेलं.

"नमुन्यांच्या फ्रीजमध्ये? मी इथे नवी आले तेव्हा जेवणाचा डबा ठेवला म्हणून तू मला फाडून खाल्लं होतंस."

"हो."

"आता वर कळवावं लागेल मला."

"कळव की. मी काय तुझा हात धरलाय?"

कोल्बेनचा निकाल तिने थांबवला. त्याच खेपेतले दोन अख्खे मासे कारखान्याच्या शीतगृहात आहेत, गोठवलेले, आमच्या फ्रीजचं तोंडही न बघितलेले. ते रेक्याविकच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले. मला जानेवारीपासून येऊ नको म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझे नाही.

रात्री कोल्बेनकडे जेवण. पाकट, बटाटे, वितळलेली चरबी. सगळे डोळे पुसत जेवत होते, पाकट तसं झोंबतंच. "बहीण असावी तर अशी," म्हणत कोल्बेनने पाठीवर थाप मारली. गेलेल्या नोकरीचं मला तेवढं वाटेना मग. भाऊ तरला. खरं तर बरंच वाटलं.

३० डिसेंबर, सोमवार

एदिसचा फोन. रेक्याविकचा आकडा चव्वेचाळीस.

कोल्बेनला विचारलं. "समुद्रात तिसऱ्या दिवशीच बोटीवरचा बर्फ संपला होता गं," म्हणाला. "तू ते डब्याचं सांगितलंस तेव्हा वाटलं, सुटलो."