चौथी नळी

प्रिय फिंटन,

तू पर्थला गेल्यापासून तीन वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. तरी हे शेवटपर्यंत वाच.

आपला चर खोदायचा बॅकहो पुन्हा चालू झाला. बाबा तो भंगारात काढणार होते. पण खालच्या शेतातले चर गाळाने बुजले, गाई घोट्यापर्यंत चिखलात उभ्या राहायला लागल्या, आणि भाड्याने मशिन देणारा 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणत दोन महिने गायब. शेवटी मीच पाना उचलला. बाबा म्हणाले, मशिन उघडायला अक्कल लागते. म्हटलं, बघूच.

खोदायचा हात वर केला की आपोआप खाली बसायचा, आणि ऑइल तापलं की सगळंच ढिम्म. टाकीतलं ऑइल काढलं तर दुधाळ, पाणी शिरलेलं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, मोठ्या सिलिंडरला नवं सील घातलं. सगळं तू शिकवलंस तसं. आधी खोदायची बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं, दांडे मागेपुढे करून नळ्यांतला दाब उतरवायचा, मगच पाना लावायचा. गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून, हाताने कधीच नाही. आठवडा गेला. केसांना अजून ऑइलचा वास येतो.

पण सुरुवात मी कुठून केली ते सांगितलंच नाही. सगळ्यात आधी चौथी नळी उतरवली. तीच. वाकते तिथे लोखंडावर घासून रबर झिजलेलं, आतली तार उघडी, आणि सुईच्या टोकाएवढं भोक. तीन वर्षांपूर्वी गळती चाचपताना त्यातूनच दाबाखालचं ऑइल बाबांच्या बोटांत शिरलं. काटा टोचल्याएवढी खूण, म्हणून त्यांनी गाईंचं दूध काढलं, चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात दोन बोटं कापावी लागली. नळी तू बसवलेली, म्हणून सगळ्यांदेखत ते तुला म्हणाले, "तुझ्या हलगर्जीपणाने मला थोटं केलं." त्याच महिन्यात तू पर्थला निघून गेलास.

तू हलगर्जी नव्हतास रे. नळी घासू नये म्हणून क्लॅम्प लावायचं काम तू मला दिलं होतंस. मला नाचाला जायची घाई. बोल्ट चिखलात पडला, सापडेना. तू विचारलंस, "लावलास ना गं?" मी हो म्हणाले. तुझा माझ्यावर विश्वास, तू वाकून बघितलंसुद्धा नाहीस. पुढे क्लॅम्प जागेवर दिसला नाही तेव्हा, आपण तपासला नाही म्हणून सुटून पडला असेल, असं तू धरून चाललास. आणि बाबा तुला बोलत होते तेव्हा मी सिंकपाशी बटाटे सोलत उभी होते.

परवा पहिला चर मोकळा झाला. नव्या नळीला क्लॅम्प आता मी लावलाय. बाबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "फिंटनपेक्षा तुझं काम चोख आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज जेवायला बसलो की त्यांना सगळं सांगणार आहे. याआधी कितीदा ठरवलं आणि कितीदा कच खाल्ली. म्हणून या खेपेला हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मगच घरी जाते, म्हणजे परतीचे दोर कापलेले असतील. माफी मागायचं तोंड मला नाही. बाबांनी घराबाहेर काढलं तरी जाईन, पण तुझ्यावरचा आळ आज रात्रीनंतर या घरात राहणार नाही.

तुझीच बहीण,
मेव्ह