डब्यावरची हसरी बाई

पनवेल,
श्रावण वद्य षष्ठी

प्रिय आनंदा,

तुझं महाडचं कार्ड परवा पोचलं. कंपनीने तुला कायम केलं हे वाचून देवापुढे साखर ठेवली. भामाला कार्ड वाचून दाखवलं तेव्हा ती हसली, पण तिला बोलता आलं नाही. घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण घाबरण्यासारखंच आहे, तेव्हा घाबर आणि पुढचं नीट वाच.

तुझी बायको आठवडाभर अंथरुणावर आहे. दोन शब्द बोलली की खोकल्याची उबळ येते, आडवी झाली की श्वास कोंडतो, म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्याच डोळा लावते. छाती आतून भाजल्यासारखी झाली आहे, असं डॉक्टर म्हणतात. भरून येईल की अशीच राहील, ते आत्ताच सांगत नाहीत. तुझी छकुली आईकडे झेपावते आणि आम्ही तिला ओढून घेतो. शेवटी पोर रडून रडून शेजारच्या हुस्नबानोच्या कडेवर झोपते.

झालं असं. गौरी-गणपतीसाठी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावरून उतरवली. आपण ती विहिरीवर घासतो, पण त्या दिवशी पावसाची झड लागली होती, म्हणून भामा सगळं घेऊन न्हाणीत बसली. छकुली रांगत येऊन चिंचेत हात घालते, म्हणून तिने आतून कडी लावली. मी तांदूळ निवडत होते. आधी ठसका ऐकू आला. शेजारी कुणी मिरचीची फोडणी दिली असेल, असं मला वाटलं. मग घंगाळ आपटल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. दाराच्या फटीतून असा उग्र वास आला की माझेच डोळे चुरचुरले. हाका मारल्या, दार बडवलं. हुस्नबानो धावत आली, तिच्या यूनुसने खांदा देऊन कडी उखडली. भामाला अंगणात पावसातच आणून निजवलं, तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. या अल्ला, हिनं हुंगलं तरी काय, असं हुस्नबानो म्हणत राहिली.

हुंगलं ते न्हाणीतच होतं. घंगाळात चिंचेचा कोळ, आणि त्यात तू कौतुकाने आणून दिलेली पांढरी पावडर. डॉक्टरांनी डबा उलटसुलट करून वाचला. त्यावर पदर सावरून हसणारी बाई आहे, शुभ्र कपड्यांची ग्वाही आहे, आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत एवढंच की कोरड्या जागी ठेवावे. आंबटाशी गाठ पडली की त्या पावडरीतून विषारी वायू सुटतो, ते कुठेच नाही. तुमच्या कंपनीच्या साहेबाने जन्मात चिंचेने भांडं घासलं नसेल, त्याला ते सुचणार कुठून, असं डॉक्टर चिडून म्हणाले.

पण मग भामाला तरी हे कुठून सुचलं? पावडर कपड्यांची, चिंच भांड्यांची. मला विचारल्याशिवाय आमटीत मीठ न वाढवणारी पोर ती. काल धाप जरा कमी होती, तेव्हा विचारलं. तिने मान फिरवली. पुन्हा विचारलं, तर माझा हात धरून तुटक तुटक म्हणाली, "आये, त्यांना कलवू नका. आता कुटं नोकरी पक्की झालीय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुकापुरात गोदूबाईच्या ओट्यावर तू डबा उघडलास, तेव्हा आम्ही दोघी तिथेच होतो. गोदूबाई म्हणाली, आमी कुटं पांढरे कपडे घालतो, यानं भांडी निघतील का? आणि तू म्हणालास, निघतील म्हणजे काय, चिंचेच्या कोळात मूठभर घाला, दुप्पट झळकतील. हे तुला कंपनीने शिकवलं नव्हतं. जिभेवर आलं ते बोललास. बायकांनी भराभर डबे नेले आणि मला लेकाचं कौतुक वाटलं. बोलणाऱ्याची मातीही खपते, असं तुझे वडील उगाच म्हणत नसत.

तेच तू चिरनेरला बोलला असशील, पेणला बोलला असशील, आज महाडला बोलत असशील. घरोघरी गौरीची भांडी माळ्यावरून उतरत आहेत आणि बाहेर पाऊस आहे. यूनुस सायकलीवरून सुकापूर आणि कामोठे फिरून बायकांना सावध करून आला. पुढची घरं तुलाच ठाऊक. भामा दिवसभर दाराकडे बघत असते, ती कुणाची वाट बघते ते मला कळतं. तरीही आनंदा, मी हे पत्र तुला घरी बोलवायला लिहिलेलं नाही. घरी येऊ नकोस. आल्या वाटेने गावोगाव परत जा, ज्या ज्या ओट्यावर बोललास त्या प्रत्येक ओट्यावर चढ आणि तुझ्याच तोंडाने सांग की या पावडरीला चिंच लावू नका, माझ्या बायकोचं असं झालं. नोकरी जाईल, तर जाऊ दे. शेवटचं घर होईपर्यंत या घराची पायरी चढू नकोस. भामाजवळ मी बसले आहे.

तुझीच,
आई